पंखा बंद करा, टेक चालू आहे

सुरतेत काय तयार होत नाही, हा प्रश्न अवघड आहे. साड्या होतात, ड्रेस मटेरियल होतं, जर होते. जगभरातले हिरे पैलू पाडून घ्यायला इथेच येतात. घारी होते, आणि बिघडलेल्या खमणातून जन्मला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो लोचोही होतो. बिघडलेला पदार्थ पाटी लावून विकणारं हे गाव आहे, त्याच्या धंद्याच्या अकलेवर शंका घ्यायला जागा नाही. तरी एक माल या शहराला अजून काढता आलेला नाही. शांतता. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज असू नये. हे नियम करणारे साहेब उधन्याला मुक्कामाला आले नसावेत. आमच्या गल्लीत आवाज ५५ डेसिबलवर उतरला, तर लोक बाहेर येऊन विचारतील, "कोण गेलं?"

आणि गाणं रेकॉर्ड करायच्या खोलीत तर रात्रीच्या त्या ४५ पेक्षाही पंधरा-वीस डेसिबल कमी लागतात. असं असूनही उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांत माडीवरच्या खोल्यांना काळा फोम चिकटू लागला आहे. दारावर 'साउंड स्टुडिओ' अशी पाटी, पाटीखाली चपलांचा ढीग, आणि आतून एकच ओळ पुन्हा पुन्हा. त्यातली एक खोली आमच्या डोक्यावर आहे. ती माझ्या भाच्याची.

सुरतेत मराठी गाणी कोण रेकॉर्ड करतं, असं पुण्याच्या वाचकाला वाटेल. त्याला सुरत दोनच कारणांनी ठाऊक असते: एक साड्यांचा सेल, आणि दुसरं, महाराजांनी १६६४ आणि १६७० साली केलेली लूट. त्यानंतरही मराठी माणूस इथे येतच राहिला. फक्त घोड्यावरून येऊन लुटण्याऐवजी पॅसेंजरने येऊन यंत्रमागावर, म्हणजे इथल्या भाषेत लूमवर, बारा तासांची पाळी करू लागला. तापीच्या खोऱ्यातून रेल्वे झाली आणि जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडची माणसं उधन्याला उतरू लागली ती अजून उतरताहेत. वाटेत नवापूर लागतं. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथलं एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं आहे, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. भाच्याच्या स्टुडिओचा कारभारही चारच भाषांत चालतो. गायक अहिराणीत हळवा होतो, ढोलकीवाला मराठीत उशिराचं कारण सांगतो, निर्माता गुजरातीत पैसे कमी करतो आणि सॉफ्टवेअर इंग्रजीत बंद पडतं.

गाणी बहुतेक अहिराणी. 'हाई झुमका वाली पोर' ने खानदेशाबाहेरच्या लोकांनाही मोबाईलसमोर नाचायला लावलं, तेव्हापासून उधन्यातल्या प्रत्येक पोराच्या बापाला वाटतं की आपला पोरगा गातो. पोरालाही वाटतं. त्या दोघांच्या वाटण्यावर भाच्याचं घर चालतं.

घरच्या घरी गाणं टिपून ठेवायची चाल आमच्या खानदेशात तशी जुनी आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात; त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी कागदावर उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकात आली. माइक नाही, फोम नाही, रिटेक नाही. हे सगळं मी भाच्याला मोठ्या उमाळ्याने सांगितलं. तो हेडफोनचा एक कान सरकवून म्हणाला, "मामा, पण मास्टरिंग आचार्य अत्र्यांनीच केलं ना?" प्रस्तावनेला मास्टरिंग म्हणणाऱ्या पिढीशी वाद घालू नये. तसं पाहिलं तर त्याचं चूकही नव्हतं.

खोली दहा बाय बारा. माल आला: एक काँडेन्सर माइक, एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, दोन स्पीकर, ज्यांना स्पीकर म्हटलं की भाच्याला राग येतो, 'मॉनिटर' म्हणायचं. माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती काय असते हे त्याने त्याच्या आईला समजावून सांगितलं. माझी बहीण सगळं नीट ऐकून म्हणाली, "ती लाइट बिलात धरतात का?" खानदेशी बाईचा प्रश्न नेहमी मुद्द्याला असतो.

मग खोली 'साउंडप्रूफ' करायचा प्रश्न आला. अंड्याचे ट्रे भिंतीला लावले की आवाज थांबतो, असा एक जागतिक गैरसमज आहे. गुजरातेतल्या इतर शहरांत तो अमलात आणणं कठीण. पण सुरत हे अंड्याच्या पदार्थांचं गाव, रात्रीच्या लाऱ्यांवर घोटाळा खायला रांगा लागतात. 'घोटाळा' हा इथे खायचा पदार्थ आहे, वर्तमानपत्रातला नव्हे. तेव्हा ट्रे मिळायला अडचण नव्हती. तीन भिंती भरल्या. महिनाअखेरीला घरमालक भाडं न्यायला वर आले. कांदासुद्धा न खाणारा सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आ शुं छे?" भाच्याने ध्वनिलहरी, परावर्तन, कोन वगैरे तपशिलात सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळे भिंतीवर फिरत होते. शेवटी अतिशय खालच्या आवाजात त्यांनी एवढंच विचारलं, "ईंडां क्यां गयां?"

ट्रे निघाले. त्यात नुकसान काही नव्हतंच. कागदी ट्रेने आवाज अडत नाही, थोडा विखुरतो इतकंच. त्यांच्या जागी कापड आलं. कापडाला सुरतेत काय तोटा? रिंग रोडच्या मार्केटमधला नापास माल, वेल्व्हेटचे तुकडे, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातलं वेस्टेज, सगळं किलोवर. एका भिंतीला मरून, एकीला बांधणी, दाराला कुणाच्या तरी लग्नातला उरलेला ब्रोकेड. खोलीत शिरणाऱ्या गायकाला क्षणभर कळत नाही की गायला उभं राहायचं की आहेर द्यायचा.

पण कापडाचं शास्त्र निराळं आहे, आणि ते एवढ्या कापडाच्या गावात कोणी लक्षात घेत नाही. कापड वरचे, बारीक सूर खातं. खालचे जाड सूर त्याला जुमानत नाहीत. १०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर. ती नीट शोषायची तर मऊ थर तिच्या निदान पाव लांबीचा, म्हणजे पाऊण मीटरहून जाड, पावणेतीन फुटांच्या आसपास हवा. तेवढ्या साड्या चारी भिंतींना लावल्या तर दहा बाय बारातून गायकासाठी साडेचार बाय साडेसहा उरतात, आणि ढोलकीवाल्याला जिन्यात बसावं लागतं. शिवाय हा सगळा खटाटोप आतला घुमारा मारण्यासाठी. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाडजूड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भाड्याच्या खोलीत भिंत कोण बांधणार? त्यामुळे सध्या स्थिती अशी आहे की गायकाचा आवाज कापडात गुडूप होतो आणि शेजारच्या लूमचा आवाज तेवढा स्वच्छ येतो.

पॉप फिल्टर मात्र झकास जमला. 'प', 'फ' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळू नये म्हणून मध्ये एक जाळी धरतात. ती विकत मिळते, पण सुरतेत जाळी विकत घेणं हा नामुष्कीचा प्रकार. भरतकामाची लाकडी रिंग आणि तिच्यात ताणून बसवलेलं नेट, झालं काम. फक्त ते नेट घागऱ्याचं होतं आणि त्याच्यावर टिकल्या होत्या. एका हळदीच्या गाण्यात प्रत्येक 'फ'ला हलकी छुमछुम ऐकू येते. निर्मात्याने तिचे वेगळे पैसे विचारले होते, "ही पैंजणं कोणाची घेतली?"

माझी बहीण अधूनमधून विचारते, हे सगळं कशासाठी. मग भाचा मोठ्या लोकांची नावं काढतो. ए. आर. रहमानने १९८९ साली घराच्या मागच्या अंगणात स्टुडिओ बांधला आणि १९९२ साली 'रोजा' आला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' हा अख्खा अल्बम घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केला, तो तसाच १९८२ साली बाजारात गेला. बिली आयलिश नावाच्या पोरीने भावाच्या झोपायच्या खोलीत गाणी केली आणि २०२० साली त्यावर ग्रॅमीचे ढीग उचलले. बहीण म्हणाली, "त्या खोलीवरच्या गच्चीत त्यांच्या आईने कुर्डया घातल्या होत्या का? मग? उन्हं उतरायच्या आत गोळा कराव्या लागतात. माझ्या पायांचा आवाज येईलच."

येतो. सगळंच येतं. काँडेन्सर माइक हे फार प्रामाणिक यंत्र आहे. कानाला ज्या आवाजांची सवय होऊन गेलेली असते ते सगळे तो नव्याने दाखवतो. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याचं रेकॉर्ड केलेलं ओरडणं, कचऱ्याच्या गाडीचं गाणं, वरच्या टाकीतलं पाणी भरून वाहणं, 'पोंक' म्हणजे हुरडा विकणारा, आणि या सगळ्याच्या खाली, न थांबता, लूम. खट-खट, खट-खट. साध्या शटल लूमचा ठेका मिनिटाला शंभर-दीडशेच्या घरात असतो. नाचायच्या गाण्याची लयही त्याच घरात. त्यामुळे आमच्याकडचे गायक लयीसाठी कानात क्लिक मागत नाहीत. बारा तास लूमवर काढून आलेल्या माणसाला लयीत राहा असं सांगायची सोय नाही, तो लयीतून बाहेर पडत नाही हीच पंचाईत. त्याला मध्ये जरा थांबून, लांबवून गा म्हटलं की तो भांबावतो. थांबणं म्हणजे धागा तुटणं, आणि धागा तुटला की पैसे कापतात, हे त्याच्या हाडात बसलेलं आहे.

लूम थांबतात ते वीज गेल्यावर. त्या क्षणी गल्लीत अशी शांतता पसरते की झोपलेली माणसं दचकून उठतात. हीच ती वेळ! पण वीज नाही म्हणून कॉम्प्युटरही बंद. भाच्याने त्यावर उपाय म्हणून कर्ज काढून यूपीएस घेतला. पुढच्या वेळी वीज गेली, लूम थांबले, कॉम्प्युटर चालू राहिला, गायकाने डोळे मिटून सूर लावला, आणि यूपीएसने टीं... टीं... टीं... सुरू केलं.

उरला पंखा. टेक घेताना पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात, सुरतेच्या दमट हवेत, चारी भिंतींना वेल्व्हेट लावलेल्या बंद खोलीत, पंख्याशिवाय. विरहाची गाणी त्यामुळे फार खरी वाटतात. गळा दाटून येतो, श्वास तुटतो, शब्द अडखळतात. ऐकणारा म्हणतो, काय भाव आहे! त्याला कोण सांगणार की त्या भावाला खोलीचं तापमान जबाबदार आहे.

बाहेरगावच्या कोणी सुचवावं, की सणासुदीला शहर बंद असतं तेव्हा का नाही करत? त्याने एकदा येऊन बघावं. जानेवारीत उत्तरायण: गच्चीगच्चीवर पतंग आणि स्पीकर, आणि दर मिनिटाला "काप्यो छे!" ही गर्जना. ती कितीही महाग सॉफ्टवेअरने निघत नाही. एका भक्तिगीतात 'पाहा उभा विठोबा' नंतर ती अजून ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला विठोबाची काळजी वाटते. मग लग्नसराई. मग श्रावणात आमची कानबाई: नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रोट होतात, सोमवारी मिरवणुकीत बाया फुगड्या घालतात. कानबाईची नवी गाणी त्याआधी यायलाच हवीत म्हणून आषाढात स्टुडिओ भरलेला, आणि आषाढात पत्र्यावर पाऊस. मग गणपती, मराठी वस्तीतला गणपती म्हणजे काय ते सांगायला नको. मग नऊ रात्री गरबा. मग एकदाची दिवाळी. दिवाळीत सुरत खरोखर रिकामी होते. लूम बंद, मार्केट बंद, हिऱ्याचे कारखाने बंद, लाभपाचमेपर्यंत रस्त्यात कुत्रं नाही. वर्षातली ती एकमेव खरी शांतता. तेव्हा सगळे गायक, ढोलकीवाले आणि स्वतः भाचा दोंडाईच्याला गेलेले असतात.

आता गायकांविषयी. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात तबकड्यांसाठी गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. कारण तबकड्या जर्मनीत दाबल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कळायला हवं की आवाज कोणाचा. सव्वाशे वर्षं होत आली तरी नाव सांगायची पद्धत टिकून आहे, फक्त आता ते गाण्याच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला येतं, आणि गाणाऱ्याचं नसतं. आधी निर्मात्याचं नाव, मग त्याच्या चिरंजीवाचं, मग त्याच्या साडीच्या दुकानाचं, मग भाच्याच्या स्टुडिओचं, आणि मग गाणं. तोवर वरात पुढच्या चौकात गेलेली असते.

गायक येतो तेव्हा त्याचा गळा बसलेला असतो. नेहमीच. कालपर्यंत एकदम चोख होता, असं तो शपथेवर सांगतो. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे, निदान कागदोपत्री, त्याचं खापर थंड सोड्यावर फोडता येतं. पण गळ्याची आता फिकीर कोणाला? ऑटोट्यून आहे. हे यंत्र १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड नावाच्या इंजिनिअरने आणलं. तो आधी तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत कंप सोडायचे आणि परत आलेल्या लहरींवरून खाली तेल कुठे आहे ते गणिताने काढायचं. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. सुरतेजवळ हजिऱ्याला समुद्रातून आलेला गॅस साफ करण्याचा भलामोठा कारखाना आहे, आणि उधन्यात भाचा तेलवाल्यांच्याच गणिताने गळ्यातून सूर काढतो आहे. हजिऱ्यात निदान गॅस आहे याची आधी खात्री करून घेतात.

काही गोष्टी मात्र सुरत फुकट देते. मराठी गाण्यात 'स' आणि 'श' माइकवर फार सळसळतात. ती सळसळ कापायला 'डी-एसर' नावाचा प्रकार लागतो. आमच्याकडे कोरसला जुन्या सुरती वस्तीतल्या बाया येतात. अस्सल सुरती माणूस 'स'चा 'ह' करतो, गावाचं नावही 'हुरत' असंच घेतो. त्यांच्या ट्रॅकला डी-एसर लावावाच लागत नाही. एका मराठी हळदीगीतात नवरीच्या हाहूचं स्वागत आहे, ते त्यातूनच आलं.

घुमाऱ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. 'मुगल-ए-आझम' मधल्या दरबारी गाण्यासाठी नौशाद यांनी लताबाईंना स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून आवाज घेतला, असं सांगतात. भाच्याने ते मनावर घेतलं. पण आमच्या बाथरूममध्ये महानगरपालिकेचं पाणी यायची वेळ आणि गायिकेला यायला जमणारी वेळ एकच निघाली. आता सॉफ्टवेअरमध्ये जगातल्या मोठमोठ्या चर्चचे, सभागृहांचे घुमारे मिळतात. निर्मात्याला त्यातला एकही पसंत नसतो. त्याला डोळ्यांसमोर मंगल कार्यालय दिसत असतं आणि मंगल कार्यालयाचा घुमारा अजून कोणी विकायला काढलेला नाही.

रेकॉर्डिंग तरी कसंबसं उरकतं. खरी परीक्षा मिक्सिंगची. हिऱ्याचा कारागीर दगड घासतो तेव्हा बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त वजन धूळ होऊन जातं आणि उरलेल्याला किंमत येते. मिक्सिंगही तसंच घासण्याचं काम आहे. ढोलकीतून थोडं काढ, की-बोर्डातून थोडं काढ, म्हणजे आवाजाला जागा होते. फरक एवढाच, की हिरा घासताना मालक मागे उभा राहून "ते कापलेलं परत लाव" असं म्हणत नाही. इथे म्हणतो. मिक्सच्या दिवशी गायक, त्याचा भाऊ, निर्माता, निर्मात्याचा शालक आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या असे सगळे त्या खोलीत असतात, आणि प्रत्येकाचं बोट एकेका बटणाकडे असतं. गायक म्हणतो, "मना आवाज कोठे शे?" ढोलकीवाला म्हणतो, ढोलकी दबली. शालक म्हणतो, बेस वाढवा. निर्माता कपाळाला आठ्या घालून अख्खं गाणं ऐकतो आणि निकाल देतो, "सगळं बरोबर आहे, पण मजा नही ऊनी."

मजा नही ऊनी, या आजारावर जगात एकच औषध आहे आणि भाच्याला ते सापडलं आहे. तो गंभीर चेहऱ्याने खुर्चीत पुढे सरकतो, कुठली तरी तीन बटणं फिरवल्यासारखी करतो, जी कशालाच जोडलेली नसतात, आणि मुख्य आवाज हळूच थोडा वाढवतो. "आता ऐका." सगळे एका सुरात: "हां! आते मजा ऊनी!" यात फसवणूक नाही, शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर फिके ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून मोठं तेच गोड लागतं. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला तो शोध सुरतेत निर्मात्याच्या शालकाचं समाधान करायला इतका उपयोगी पडेल, असं त्यांना वाटलं नसणार.

मग ते गाणं मोबाईलवर ऐकतात. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही, म्हणून शालक परत वर येतो.

पोट कशावर चालतं म्हणाल, तर कलेवर नाही, नगरसेवकांवर. सुरत महानगरपालिकेच्या प्रत्येक वॉर्डात चार नगरसेवक, म्हणजे प्रचाराच्या एका मुखड्यात चार नावं बसवायची, चौघांना सारखा मान देऊन. कोणाचं नाव समेवर यायचं यावरून पॅनेल फुटायची वेळ येते. चाल एकच, मराठीत गाऊन झाली की तीच गुजरातीत, हिंदीत, भोजपुरीत, ओडियात, कारण मतदार तेवढ्या भाषांचे. निवडणूक नसेल तेव्हा वाढदिवस. २०२४ साली सुरत लोकसभेची जागा बिनविरोध झाली, मतदानच झालं नाही, तेव्हा पलीकडच्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमचं नशीब, उधना आणि लिंबायत नवसारी मतदारसंघात पडतात.

आणि एवढं घासून-पुसून झालेलं गाणं शेवटी वाजतं कुठे? टेम्पोवर रचलेल्या डीजेच्या भिंतीवर. तिथे डावा कान, उजवा कान हा भेद नाही, सगळं एकत्र ओतलेलं. डीजेवाला गाणं लावण्याआधीच बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवतो, वर स्वतःचा सायरन जोडतो. भाच्याने रात्र जागून बासरीला दिलेली अर्ध्या डेसिबलची जागा कुठल्या कुठे जाते. मी त्याला एकदा म्हटलं, अरे, मग एवढा जीव कशाला आटवतोस? तो म्हणाला, "मामा, डीजेवर लोक ऐकत नाहीत, नाचतात. ऐकतात ते दुसऱ्या दिवशी, लूमवर, कानात वायर घालून." हे मात्र खरं आहे. बारा तास खटखटीत उभ्या असलेल्या माणसाला बासरी ऐकू यावी म्हणून ती खटखटीपेक्षा वरच्या पट्टीत ठेवावी लागते, आणि ती नेमकी कुठे ठेवायची हे मुंबईच्या काचबंद स्टुडिओतल्या इंजिनिअरला कळणार नाही. भाच्याला कळतं, कारण त्याच्या खोलीत ती खटखट आयती असते. अहिराणी गाणं सुरतेत चांगलं होतं ते याच्यामुळे, असं माझं मत आहे. यूपीएसमुळे नक्की नाही.

कोणाला कानबाईचं गाणं करायचं असेल तर त्याने आषाढ लागायच्या आधी कळवावं. येताना हातात बांगड्या नकोत, अंगात कडक इस्त्रीचा सदरा नको, सोबत शालक तर अजिबात नको. टॉवेल आणावा. आणि अर्धे पैसे आधी द्यावे लागतील; यूपीएसचे हप्ते अजून चालू आहेत.